हाफ थ्री म्हणजे किती?

आमच्या सिंगापूरच्या घरी राहून काम करणाऱ्या यांतीला मी ऑफिसातून फोन केला, "हाफ थ्री, क्लिनिक. आजीला टॅक्सीने घेऊन ये, मी थेट तिकडे येते." हे सगळं अर्थात इंग्रजीत. ती म्हणाली, "यस मॅम." साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना मी पोचले, तर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाकावर पांढऱ्याफटक होऊन बसलेल्या. यांती त्यांचा तळहात चोळतेय आणि एक नर्स कागदी पेल्यातून काहीतरी गोड पाजतेय. दोघी अडीचलाच येऊन बसल्या होत्या. लवकर निघायचं म्हणून आईंनी जेवण अर्धवट टाकलं होतं, मधुमेहाची गोळी मात्र चुकवली नव्हती. साखर ३.६. इथल्या मीटरवर आकडे असे लहान दिसतात, आपल्याकडचा आकडा काढायला अठराने गुणायचं. म्हणजे पासष्टच्या आसपास. घाम फुटायला तेवढी पुरते.

परतताना टॅक्सीत मी यांतीवर उखडले. हाफ थ्री सांगितलं होतं ना? "यस मॅम, हाफ थ्री." मग एक तास आधी का आलात? "यस मॅम." पुढे ती खिडकीबाहेर बघत बसली आणि आई मला म्हणाल्या, "जाऊ दे गं, तिला कळलं नसेल." रात्री मी नवऱ्याला सांगून टाकलं की हिला धड इंग्रजी शिकवल्याशिवाय आता भागायचं नाही.

आम्ही सिंगापूरला राहून चौदा वर्षं झाली. एचडीबीचा, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाचा फ्लॅट, नवऱ्याची आणि माझी नोकरी, दुसरीतला मुलगा आणि मिरजेहून आलेल्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते. घरात राहून काम करणाऱ्या बाईला इथे सगळे हेल्पर म्हणतात. आमची आधीची हेल्पर फिलिपिनो होती, इंग्रजी फर्डं. ती कॅनडाला गेली आणि एजंटने यांतीला आणलं. (नाव बदललंय.) जावा बेटावरच्या केंडाल जिल्ह्यातली, एकतीस वर्षांची, नववी पास. परदेशी हेल्परला इथे निदान आठ वर्षांचं शालेय शिक्षण आणि वयाची तेवीस वर्षं पूर्ण लागतात, त्यात ती बसत होती. एकेकाळी आल्याआल्या इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागायची. मे २०१२ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी एका दिवसाचं प्रशिक्षण आलं, तेही बाईच्या स्वतःच्या भाषेत घेता येतं. परीक्षा गेली ते बरंच झालं. परीक्षेच्या धसक्याने भाषा येत नाही, हे पाचवीत एबीसीडी सुरू केलेल्या आमच्या मराठी माध्यमाच्या बॅचला वेगळं सांगायला नको. फक्त त्यामुळे बाईला इंग्रजी शिकवायचं तर ते कुणी, कुठे आणि कोणत्या वेळात, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरावर येऊन पडतो.

यांती घरात छान रुळली होती. मुलगा तिला 'काकाक' म्हणायचा. इंडोनेशियात आणि मलेशियात थोरल्या बहिणीला तसं म्हणतात, शेवटचा क घशातल्या घशात गिळून. त्यामुळे ऐकू येतं 'काका'. पहिले आठ दिवस आईंना कळेना की नातू या पोरीला काका का म्हणतोय. नंतर त्याही म्हणू लागल्या, "अरे, काकाला विचार पाणी तापलं का." दोघींचं आपसात बरं चालायचं. आई मराठीत बोलत, यांती हातवाऱ्यांनी उत्तर देई आणि मी घरी नसताना स्वयंपाकघरात नेमकं काय चालतं ते मला कधीच पुरतं कळलं नाही.

तर इंग्रजीचा शोध. सुरुवात फुकटातून, म्हणजे अ‍ॅप. तिच्या फोनवर मीच टाकून दिलं. पंधरा दिवसांनी विचारलं काय शिकलीस, तर म्हणाली, "द हॉर्स ईट अ‍ॅपल." आमच्या नवव्या मजल्यावर घोडा येण्याची शक्यता कमी होती. पण अ‍ॅपला नावं ठेवण्याआधी हेही सांगायला हवं की ती रात्री साडेदहाला अंथरुणाला पाठ टेकायची आणि त्यानंतर शिकायचं असं मी गृहीत धरलं होतं.

मग घराजवळच्या कम्युनिटी क्लबात चौकशी केली. तिथे बोलायच्या इंग्रजीचे वर्ग असतात, फी आवाक्यातली, शिक्षकही चांगले. वेळ मात्र संध्याकाळी साडेसातची. साडेसातला आमच्या घरात कुकरची तिसरी शिट्टी, मुलाचं स्पेलिंग आणि आईंच्या पायाला तेल ही तिन्ही कामं एकदम चालू असतात. शिवाय तिथे मुख्यतः चिनी बोलणारे साठीपुढचे काका-काकू येतात. यांती एकदा डोकावून आली आणि म्हणाली, "एव्हरीबडी ओल्ड, मॅम." विषय संपला.

तिसरी पायरी महागात पडली. एका मॉलच्या वरच्या मजल्यावर खास हेल्परांसाठी शिकवणी होती. दहा रविवार, साडेतीनशे डॉलर, शेवटी सर्टिफिकेट. इथे आम्ही सरकारला हेल्परपोटी महिन्याला लेव्ही भरतो. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर सवलतीची साठ डॉलर, नसेल तर तीनशे. ती बँकेतून आपोआप कापली जाते आणि कुणी हूं का चूं करत नाही. पण शिकवणीचे साडेतीनशे भरताना माझा हात अडखळला, हे मला आठवतंय.

तिसऱ्या रविवारी मी तिला सोडायला गेले आणि मागच्या बाकावर बसून राहिले. अठ्ठावीस बायका होत्या, मोजल्या मी. पुढे एक तरुण मुलगा पडद्यावरचं वाक्य वाचायचा आणि सगळ्या मिळून ते म्हणायच्या, पाढ्यांसारखं. "सॉरी मॅम, आय विल नॉट डू इट अगेन." मग पुन्हा, जरा मोठ्याने. छापील पुस्तकात प्रकरणं होती स्वयंपाकघर, कपडे, बाळ, पाहुणे. अख्ख्या पुस्तकात 'मला ताप आहे' हे वाक्य नव्हतं. 'पगार किती तारखेला?' हेही नव्हतं. तासाभरात यांती एकटीने एकदाही बोलली नाही. शिक्षकाला तिचं नाव माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. सहा रविवारांनंतर तिने जाणं सोडलं. पैसे परत मिळाले नाहीत, दहा रविवार पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट मात्र पोस्टाने घरी आलं. ते आईंनी कौतुकाने फ्रिजवर लावलं.

मधे एका कॉलेजच्या पोरीकडून व्हिडिओवर शिकवून पाहिलं. ती दर वेळी छंद विचारायची. तीन आठवड्यांत छंद संपले.

शेवटी जागा सापडली ती मला नाही, यांतीलाच. किंबहुना तिला ती आधीपासून माहीत होती. पाया लेबारजवळ सिटी प्लाझा नावाची जुनी इमारत आहे. रविवारी तिथे अर्धं जावा उतरतं. घरी पैसे पाठवायचे, बाक्सोचा, म्हणजे रश्शातल्या मांसाच्या गोळ्यांचा गरम वाडगा खायचा, पायऱ्यांवर बसून फोनवर पोराबाळांची तोंडं बघायची. फिलिपिनो बायकांचं हे ठिकाण म्हणजे ऑर्चर्ड रोडवरचं लकी प्लाझा आणि ब्रह्मदेशच्या लोकांचं पेनिन्सुला प्लाझा. सिटी प्लाझातली तिची एक मैत्रीण इंडोनेशियाच्या मुक्त विद्यापीठातून पदवी करतेय, आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठासारखंच ते, परदेशात काम करणाऱ्यांना प्रवेश देतं. मला हे ऐकून धक्काच बसला. म्हणजे कुणाच्या तरी घरी भांडी घासणारी बाई रात्री व्यवस्थापनाचे पेपर लिहीत होती आणि मी 'घोडा सफरचंद खातो' घेऊन बसले होते. त्याच मैत्रिणीने स्वयंसेवी शिक्षकांच्या एका रविवारच्या वर्गाचं नाव सांगितलं होतं. फी नाममात्र, एका वर्गात बारा जणी, सहा महिन्यांचं सत्र.

सिंगापुरात असे बरेच पर्याय आहेत. २००५ मध्ये निघालेल्या फास्ट या संस्थेचे वेगवेगळे वर्ग चालतात. होम ही स्थलांतरित कामगारांसाठीची संस्था त्याच्या आदल्या वर्षीची, तीही शिकवते. २००६ पासूनच्या आयडामध्ये पैशांचं नियोजन, कॉम्प्युटर, छोटा धंदा असं शिकायला मिळतं. यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं, कारण मी गुगलवर 'ट्यूशन' शोधत होते आणि गुगल मला मॉल दाखवत होतं. नव्याने शोधणाऱ्याला मी एवढंच सांगेन की आधी बाईलाच विचारा.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मी विचारलं. बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "एव्हरी संडे, मॅम."

इथे मला थोडं लाजून लिहावं लागणार आहे. हेल्परला आठवड्याला एक सुट्टी हा नियम २०१३ च्या जानेवारीपासून आहे. पण दोघांच्या संमतीने सुट्टीऐवजी पैसे देता येतात आणि पुष्कळ घरं तेच करतात. जानेवारी २०२३ पासून महिन्यातली निदान एक सुट्टी तरी पैशांनी भरून काढता येत नाही, द्यावीच लागते. आम्ही दोन देत होतो आणि दोनांचे पैसे. इतरांपेक्षा आपण बरे, असं मनात कुठेतरी होतंच. मॉलच्या शिकवणीसाठी चारही रविवार दिले होते, पण ते 'तेवढ्यापुरते'. आता प्रश्न सहा महिन्यांचा होता.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही यावर बोललो. मराठीत, म्हणजे खासगीत. यांती पोळ्या आणून वाढत होती. नवरा म्हणाला, शिकली की दुसरं घर बघेल, जास्त पगाराचं. मी म्हटलं, बघू दे की. आणि लगेच पुढे हेही म्हटलं, "पण चारही रविवार एकदम नको हं, डोक्यावर चढेल." आई म्हणाल्या, रविवारी मी करेन पिठलं-भात, त्यात काय एवढं. आईंच्या पिठल्यावर निर्णय झाला.

वर्गात प्रवेश देण्याआधी एक मुलाखत होती, शिकणारीची आणि हवं तर मालकिणीचीही. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, नोकरीच्या काळात काही वर्षं सुराबायाला राहिलेल्या, त्यामुळे इंडोनेशियन उत्तम. त्यांनी आधी मला विचारलं, हिला इंग्रजी कशासाठी हवं? मी ऐटीत क्लिनिकची गोष्ट सांगितली. हाफ थ्री, अडीच, साखर ३.६, सगळं.

बाई हसायला लागल्या. यांतीकडे वळून त्यांनी विचारलं, "स्तंगाह तिगा?" यांतीने जोरजोरात मान हलवली.

इंडोनेशियन भाषेत स्तंगाह म्हणजे अर्धा आणि तिगा म्हणजे तीन. आणि 'स्तंगाह तिगा' म्हणजे अडीच. तिसरा तास अर्धा झाला, असा तो हिशेब. माझ्या ऑफिसात ब्रिटिश साहेब फार, त्यांच्या नादाने 'हाफ पास्ट थ्री'मधला 'पास्ट' माझ्या तोंडून केव्हाच गळून गेला होता. मी 'अर्धा तीन' म्हटलं, तिने 'अर्धा तीन' ऐकलं आणि ती बरोबर अर्ध्या तीनला क्लिनिकमध्ये हजर झाली. टॅक्सीत ती "यस मॅम, हाफ थ्री" म्हणत होती ते माफी म्हणून नव्हतंच. ती मला सांगत होती की तू म्हणालीस त्याच वेळेला आले.

मी यांतीला तिथेच सॉरी म्हटलं. तिने काय करावं हे तिला कळेना, तिने माझी पर्स उचलून हातात धरली.

मग बाईंनी तोच प्रश्न तिला विचारला, इंग्रजी कशाला हवं? दोघी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलल्या. बाईंनी मला त्यातलं एकच सांगितलं. तिचा मुलगा आता सातवीत आहे, त्याला शाळेत इंग्रजी आहे आणि फोनवर तो तिच्या चुका काढून हसतो. बाकीचं तिने मला सांगायचं नाही म्हणून सांगितलंय, असं बाई म्हणाल्या. मला ते आवडलं नाही. नंतर आवडलं.

बाईंनी माझ्यासाठीही गृहपाठ दिला. एका वस्तूला रोज एकच शब्द. आज मॉप, उद्या पोछा, परवा 'ते फ्लोअरचं' असं करायचं नाही. वेळ आकड्यांत सांगायची, थ्री थर्टी. आणि थर्टी की थर्टीन असा घोळ होणारच, म्हणून एकेक अंक सुटा सुटा बोलायचा, थ्री-झीरो. 'कळलं का?' हा प्रश्न बंद, कारण त्याचं उत्तर जगात सगळीकडे 'हो' असंच येतं. त्याऐवजी, 'आता तू काय करशील ते सांग.' आणि नकारार्थी प्रश्न टाळायचे. "यू डिडन्ट गिव्ह मेडिसिन?" असं विचारलं तर ती "यस" म्हणणार, म्हणजे 'बरोबर, नाही दिलं.' यावर हसण्याचा मला अधिकार नाही, मीही पहिली दोन वर्षं ऑफिसात असंच 'यस' म्हणून घोटाळे केलेत.

आणखी एक कोडं तेव्हा सुटलं. यांती सहसा 'नो' म्हणत नसे, 'नॉट येट' म्हणायची. इंडोनेशियन लोकांचा 'बलुम' हा फार लाडका शब्द आहे, अजून नाही. लग्न झालंय का, जेवलीस का, अमेरिकेला गेलीस का, न झालेल्या सगळ्याला बलुम. नाही म्हणून दार कशाला लावून टाका, असा तो स्वभाव. मी घाबरून ऑफिसातून विचारायचे, दूध उतू गेलं का? ती शांतपणे म्हणायची, "नॉट येट, मॅम."

वर्ग सुरू झाला आणि रविवारी संध्याकाळी ती वेगळ्याच चेहऱ्याने घरी यायला लागली. त्या वर्गात पुस्तकच नव्हतं. बायका आठवड्यात जिथे अडल्या ते प्रसंग घेऊन यायच्या आणि त्यावर तास चालायचा. एकदा अख्खा तास फोनवर गेला, अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर ९९५. यांतीने तो घरी माझ्याबरोबर करून पाहिला. मी सोफ्यावर ऑपरेटर, ती स्वयंपाकघरात. पत्ता सांगताना ब्लॉक, मजला, हॅश, डॅश यात ती दर वेळी अडकायची. मग बाईंनी सुचवलेली युक्ती: आधी पोस्टाचा पिनकोड. सिंगापुरात सहा अंकी पिनकोड इमारतीगणिक वेगळा असतो, तेवढा सांगितला की गाडी खाली येऊन उभी राहते. तिने ते सहा अंक पाठ केले, आईंनाही पाठ करायला लावले. आई ते 'शुभंकरोति'च्या चालीत म्हणतात.

चुका चालूच राहिल्या, त्यांना मी हात लावला नाही. त्यांच्या भाषेत 'तो' आणि 'ती' दोन्हींना 'दिया' असा एकच शब्द. त्यामुळे आईंचा उल्लेख कायम 'ही' असा इंग्रजी पुल्लिंगी. "आजी, ही स्लीपिंग." शिवाय बाजारातल्या अंकलकडून 'कॅन, कॅन', 'ऑफ द लाइट' असं अस्सल सिंगापुरी येत होतं. नवरा म्हणाला हे बिघडेल. मी म्हटलं, भाव तिला बाजारात करायचाय, ऑक्सफर्डला नाही.

पाचव्या महिन्यात एका शनिवारी रात्री ती वही घेऊन माझ्याकडे आली. गृहपाठ होता: तुमच्या घरात रोज कानावर पडणारे, पण अर्थ माहीत नसलेले दहा इंग्रजी शब्द लिहून आणा आणि अर्थ घरच्यांना विचारा. तिने रेघा मारून, आकडे घालून, रोमन लिपीत नीट यादी केली होती. मी चष्मा लावला. पहिला शब्द 'अ‍ॅक्च्युली'. दुसरा 'अजिबात'. तिसरा 'डेडलाइन'. चौथा 'बापरे'. मग 'जस्ट जरा', जोडून, एकच शब्द असल्यासारखा. मग 'उरकून टाक'. दहापैकी सहा मराठी. आमच्या घरात कुठलं वाक्य कुठल्या भाषेत सुरू होतं आणि कुठल्या भाषेत संपतं याचा तिला पत्ता लागत नव्हता, आणि लागणार कसा? "ते लाँड्री फोल्ड करून वर ठेव, अँड देन जस्ट जरा डाळ बघ", हे इंग्रजी आहे की मराठी हे मलाही सांगता येणार नाही.

नवव्या क्रमांकावर लिहिलं होतं, 'डोक्यावर चढेल'.

मी ते दोनदा वाचलं. तिने पेन उघडून धरलं होतं, अर्थ लिहून घ्यायला. "मॅम, धिस वन, यू से, सर से." म्हणजे मी एकदाच म्हटलं नव्हतं तर. मी काय सांगावं? खोटं सांगायचं म्हटलं तर डोकं, वर, चढणं, काहीही जुळवता आलं असतं. मी तिला इंग्रजीत, अडखळत, साधारण असं सांगितलं की एखाद्याला जास्त मोकळीक दिली तर तो आपलं ऐकणार नाही अशी भीती वाटते, तेव्हा असं म्हणतात. तिने विचार केला. मग विचारलं, "गुड वर्ड ऑर बॅड वर्ड?" मी म्हटलं, बॅड. तिने अर्थाच्या रकान्यात इंडोनेशियनमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "नॉट इंग्लिश?" नॉट इंग्लिश. तिने त्यावर एक रेघ मारली आणि खाली नवा नववा शब्द मागितला. मी 'सॉरी' म्हणणार होते, पण तो तिला येत होता. म्हणून 'रेस्ट डे' सांगितला. तोही येत होता. शेवटी तिनेच 'रेफरन्स' लिहिलं, कुठूनतरी ऐकलेलं.

बाई त्या यादीवर काय म्हणाल्या कोण जाणे. पण पुढच्या रविवारी यांती म्हणाली की टीचरने आमच्या घराला तीन मार्क दिलेत, दहापैकी. तेव्हापासून तिच्याशी बोलताना मी एका वाक्यात एकच भाषा वापरते. हे वाटतं तितकं सोपं नाही, करून बघा.

आता याची दुसरी बाजू. मी तिला इंग्रजी शिकवण्याच्या खटपटीत असताना आईंनी तिला मराठी शिकवून ठेवली होती, फी न घेता. आणि यात दोघींना एक खजिना सापडला होता. काच म्हणजे त्यांच्याकडेही काचा. नाव म्हणजे नामा. मिरी म्हणजे मेरिचा, साखर म्हणजे गुला. गुरू तर गुरूच. नवरा म्हणजे सुआमी, बायको म्हणजे इस्त्री, यावर आई दिवसभर हसत होत्या. कारण म्हणजे कारना. आईंच्या संकष्टीला यांती म्हणे, "आजी पुआसा", म्हणजे उपास. संस्कृत शब्द जहाजांतून तिकडे गेले त्याला हजारावर वर्षं झाली, ते आमच्या ओट्यावर परत भेटत होते. फक्त एकदा पंचाईत झाली. आईंनी आदल्या रात्री जाहीर केलं की उद्या सकाळी डोसा. इंडोनेशियनमध्ये 'दोसा' म्हणजे पाप. आजी सकाळी कुठलं पाप करायचं म्हणतायत, या काळजीत ती झोपली होती म्हणे.

सत्र संपायच्या सुमारास लिफ्ट अडकली. आई आणि यांती, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे, पंचवीस मिनिटं. हे मला आईंकडून कळलं, म्हणून थोडं तिखटमीठ असेल. यांतीने घंटेचं बटण दाबलं, पलीकडून आवाज आला आणि ती बोलायला लागली. आधी पिनकोड, सहाही अंक. मग ब्लॉक. मग "टू पीपल. वन ओल्ड लेडी. ही डायबेटिक. ही ओके. नॉट येट प्रॉब्लेम." पलीकडच्याने वेळ सांगितली असावी, कारण तिने उलट विचारलं, "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?" पंधरा मिनिटं, असं कळल्यावर तिने पिशवीतून बिस्किटं काढली. आईंना यातलं इंग्रजी किती समजलं देव जाणे, पण संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "अगं, काय फाडफाड बोलली, तुझ्यापेक्षा बरी."

तिने दुसऱ्या पातळीच्या वर्गात नाव घातलंय. करार संपेल तेव्हा ती राहील की जाईल हे अजून ठरलेलं नाही. मी विचारलं होतं. उत्तर तुम्हाला माहीतच आहे, "नॉट येट, मॅम."

गेल्या आठवड्यात मी घरून काम करत होते, दार किलकिलं होतं. आई यांतीला घड्याळ शिकवत होत्या. साडेतीन, साडेचार, साडेपाच, सगळं नीट चाललं होतं. मग यांतीने विचारलं, "साडेदोन?"

"साडेदोन नसतं गं. अडीच."

"साडेएक?"

"दीड."

"व्हाय, आजी? कारना?"

आई गप्प. बऱ्याच वेळाने त्यांनी तिथूनच हाक मारली, "अगं ए, ही विचारतेय साडेदोन का नसतं. काय सांगू?"

मी म्हटलं, माझी मीटिंग चालू आहे.